तिसरं घर

पाटीवर अजून 'पांचाळ अँड सन्स' आहे.
सन्स म्हणजे मी.
बाबांनी रंगाऱ्याला दोनदा बोलावलं,
दोनदा पैसे वाचवले.

निवडणुकीत उथळसरची सगळी हत्यारं
पोलीस चौकीत जमा होतात,
मी दुकानात माशा मोजते.
निकाल लागला, हत्यारं सुटली,
आणि पहिले आले मिस्किटा सर.
हातात पिशवी, पिशवीत बिस्किटांचा डबा,
डब्यात फलालीनमध्ये गुंडाळलेलं
बावीस बोअरचं, सहा घरांचं, नुसत्या आवाजाचं रिव्हॉल्व्हर.
साकेतच्या मैदानावर चाळीस वर्षं
याने तोंड उघडलं की पोरं सुटायची.

"सहातलं एक वाजत नाही गं.
हल्लीची काडतुसंच भिकार."

सगळे हेच म्हणतात.
काडतूस बिचारं, कुणाला काय सांगणार?
या जातीची सगळी जाग काठात असते.
मध्ये काही नाही.
बुडाच्या कडेला जी बारीक दुमड असते
तिच्यात ठिणगीचा मसाला,
घोड्याने नेमका तिथेच चिमटा काढायचा.
जरा आत मारलं, नुसता खळगा.

घरांवर पेनाने आकडे घातले.
एकेक काडतूस बोटांतून सोडलं.
आपल्या वजनाने उतरतं की ढकलावं लागतं?
पाचांत उतरलं, बूड चक्राशी सपाट.
तिसऱ्यात अडलं.
केसभर वर.
केसभर म्हणजे नक्की किती ते बाबांची पट्टी सांगते,
मला नखाला कळतं.
वर राहिलेलं काडतूस घोडा आधी आत रेटतो,
रेटण्यातच त्याचं बळ सरतं,
पेटवायला काही उरत नाही.

तेच मुकं काडतूस,
वाळूच्या पिंपाकडे नळी धरून तीस मोजून,
बाहेर काढलं, जरा फिरवून पाचव्यात दिलं.
वाजलं.
समोर यादवने चक्कीचा पट्टा थांबवून
बाहेर डोकावून बघितलं.
"दोष काडतुसाचा नाही, सर."

भिंगाखाली तिसऱ्या घराचा ओठ.
पोलादावर घोड्याच्या नाकाचे ठसे,
एकावर एक, किती ते मोजवेना,
कडा आतल्या बाजूला लोटलेली.
भरलेलं असलं तर हा मार काडतूस खातं.
रिकामं असलं तर घर.
बाकी पाचांनाही वळ होते, फिकट.

"हे रिकामं कोण चालवतं?"

सर कॅलेंडरकडे बघत राहिले.
ते गेल्या वर्षीचं आहे, खिळ्यासाठी ठेवलेलं.
मग म्हणाले, मैदानावर आता भोंगा आलाय,
वायरीने घड्याळाला जोडलेला.
मला टोपी देतात. खुर्ची देतात.
चहा दोनदा.
संध्याकाळी मी गॅलरीत उभा राहतो.
खाली सोसायटीच्या स्कूटर, एका ओळीत.
हात वर करतो.
जागेवर.
तयार.
टक्.

तिसऱ्याचं जास्त का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पोलादी दांडी फिरवत फिरवत
कडा मागे बसवली, दीड तास लागला.
नव्या खोक्यातली सहा भरली, सहा वाजली.
रिकाम्या नळकांड्या ओळीने मांडून त्यांना दाखवल्या,
सगळ्यांच्या काठावर सारखाच खोल ठसा.
त्यांनी बोट फिरवलं,
माझ्यापेक्षा जास्त वेळ.

रजिस्टरमध्ये 'बिघाडाचे कारण' असा रकाना असतो.
मी लिहिलं, 'झीज'.

ते डबा बंद करायला लागले तेव्हा
शेजारच्या हार्डवेअरमधून
पिवळ्या गिट्ट्या आणल्या,
भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात त्या, प्लॅस्टिकच्या.
सहाही घरांत आपल्या वजनाने उतरल्या.
"मार या खातील," म्हटलं,
"चेपल्या की फेकून द्या. दहा रुपयांत पाकीटभर येतात."

सरांनी दुकानातच, छताकडे हात करून,
एकदा करून बघितलं.
आवाज जरा बसका आला.
"चालेल," म्हणाले.